पूर्वजांच्या भूमीसाठी परदेशातून वकिली : आर्मेनियन वारसदारांचे दावे

सुमेधा_रा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. परदेशात जन्मलेल्या वकिलाने पूर्वजांच्या भूमीसाठी झगडावे का, झगडायचे तर कोणाचे वकीलपत्र घेऊन, आणि त्यातून पदरात नेमके काय पडते, या प्रश्नांवर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते वार्तकेस येघियायान. त्यांचा जन्म १९३६ सालचा, इथिओपियातला. वकिलीची कारकीर्द कॅलिफोर्नियात झाली आणि २०१७ साली ते वारले. १९१५ साली ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन नरसंहारातून जे वाचले, त्यांच्या पुढच्या पिढीतले ते. हेन्री मॉर्गेंथाऊ हे त्या काळात कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचे इस्तंबूल) अमेरिकेचे राजदूत होते आणि त्यांच्या आठवणी १९१८ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत एक प्रसंग आहे. गृहमंत्री तलात पाशांनी त्यांच्याकडे अमेरिकन विमा कंपन्यांच्या आर्मेनियन विमेदारांची यादी मागितली. कारण असे सांगितले की हे लोक बहुतेक सगळे मेले आहेत, मागे वारस उरलेले नाहीत, तेव्हा ती रक्कम आता सरकारजमा व्हायला हवी. मॉर्गेंथाऊंनी संतापून यादी द्यायला नकार दिला.

हा प्रसंग हजारो वाचकांनी वाचला असेल आणि त्यातल्या क्रौर्याने ते हादरलेही असतील. येघियायान यांनी तो १९८०च्या दशकात वाचला आणि त्यांच्या मनात वकिलाचा प्रश्न आला. पॉलिसी होती, हप्ते भरलेले होते, विमेदार मारला गेला. मग पैसे कुठे आहेत? पुढची कित्येक वर्षे त्यांनी वारसदार शोधण्यात घालवली. १९९९ साली न्यूयॉर्क लाइफ या कंपनीवर लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. २००४ साली कंपनीने २ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि त्यातले ३० लाख डॉलर आर्मेनियन संस्थांना गेले. २००५ साली अ‍ॅक्सा या फ्रेंच कंपनीशी १ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड झाली.

माझे मत आधीच सांगून टाकते. ज्या काळात अमेरिकेचे सरकार तुर्कीशी असलेल्या संबंधांमुळे 'नरसंहार' हा शब्द अधिकृतपणे उच्चारायला तयार नव्हते, त्या काळात एका वकिलाने घराघरांत पडून असलेले कागद न्यायालयासमोर नेले, ही फार मोठी गोष्ट आहे. तुम्हाला काय वाटते?

अनघा_पु

विषय आवडला. पण इतकी वर्षे ते मूळ कागद जपले तरी कोणी? माणसे हाकलली गेली, घरे लुटली गेली, आणि पॉलिसी मात्र टिकली?

सुमेधा_रा

अनघाताई, मुख्य वादीच्या घराण्याची गोष्ट न्यायालयाच्या कामकाजात नोंदलेली आहे. त्यांचे मामा खारपेर्तचे. खारपेर्त म्हणजे आजच्या तुर्कीतल्या एलाझिगजवळचे गाव. त्यांनी १९१० साली ३००० फ्रँकची पॉलिसी घेतली. १९१५ साली ते मारले गेले. त्यांची बहीण अमेरिकेला आली ती तो कागद घेऊनच. तिने आणि तिच्या मागे मुलांनी कंपनीशी पत्रव्यवहार केला. पैसे मिळाले नाहीत. दावा उभा राहिला तो तिच्या मुलाच्या नावाने, आणि तोवर तोही म्हातारा झाला होता. अशा पॉलिसी इतरांकडेही होत्या. ज्यांची रक्कम वारसांना कधीच मिळाली नाही, अशा न्यूयॉर्क लाइफच्या पॉलिसी दोन हजारांहून अधिक होत्या.

वकीलतात्या

सुमेधाताई, या दाव्यातली कायद्याची बाजू थोडी उलगडून सांगतो, कारण येघियायान यांचे खरे कसब तिथे दिसते.

वारसदारांपुढे तीन अडथळे होते. पहिला मुदतीचा. विमेदार १९१५ मध्ये गेला आणि दावा लावला १९९९ मध्ये. कोणत्याही देशात असा दावा मुदतबाह्य ठरतो. दुसरा अडथळा पॉलिसीतल्या अटीचा : वाद झाल्यास तो फ्रान्स किंवा इंग्लंडच्या न्यायालयात चालावा, असे कंपनीने लिहून ठेवले होते. तिसरा पुराव्याचा. कंपनी मृत्यूचा दाखला मागणार आणि वारस असल्याचा दाखला मागणार; पण ज्या सरकारने माणसे मारली त्याच सरकारच्या कचेरीतून तो दाखला आणायचा कसा? आपल्याकडे सात वर्षे माणसाची खबर नसेल तर तो मृत मानण्याची सोय जुन्या पुरावा कायद्याच्या १०८व्या कलमात होती. तरीही वारस नोंद आणि फेरफार करताना लोकांची किती दमछाक होते, ते मी तालुक्याच्या न्यायालयात रोज पाहत आलो आहे. इथे तर गावच्या गाव नाहीसे झालेले.

यावर तोडगा निघाला तो विधिमंडळातून. २००० साली कॅलिफोर्नियाने खास कायदा करून अशा वारसदारांना २०१० च्या अखेरपर्यंत मुदत वाढवून दिली आणि दावा कॅलिफोर्नियातच चालवण्याची मुभा दिली. पुढच्याच वर्षी न्यायालयाने दावा फेटाळण्याची कंपनीची मागणी अमान्य केली. दावा चालवता चालवता त्याच्यासाठी लागणारा कायदा घडवून आणणे, आणि तेही परदेशातून येऊन मतदार झालेल्या समाजाच्या बळावर, हे परदेशस्थ समाजातल्या वकिलालाच साधण्यासारखे आहे. आर्मेनियाची राजधानी एरेवान इथे बसलेल्या वकिलाला कॅलिफोर्नियाचे विधिमंडळ कसे हलवता आले असते?

पण तुमच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. तडजोड म्हणजे निकाल नव्हे. कंपनीने पैसे दिले, पण १९१५ साली काय घडले यावर न्यायालयाने कोणताही निष्कर्ष नोंदवलेला नाही. शिवाय जर्मन विमा कंपन्यांविरुद्धचा पुढचा दावा याच कायद्यावर उभा होता, आणि तो बारगळला. नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येते त्या संघीय अपील न्यायालयाने २००९ साली हा कायदा अवैध ठरवला, २०१० साली तोच वैध ठरवला, आणि अखेर २०१२ साली मोठ्या पीठाने तो पुन्हा रद्द केला. परराष्ट्र धोरण हा संघराज्याचा अधिकार आहे, राज्याने त्यात हात घालू नये, असे कारण दिले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अपील दाखल करून घेतले नाही. दार उघडले आणि दहा-बारा वर्षांत बंदही झाले.

ग्लेंडेलकर

मी लॉस एंजेलिसला लागून असलेल्या ग्लेंडेलमध्ये बरीच वर्षे राहतो. इथली आर्मेनियन वस्ती एवढी मोठी आहे की २४ एप्रिलला, म्हणजे १९१५ साली कॉन्स्टँटिनोपलमधल्या आर्मेनियन पुढाऱ्यांची आणि लेखकांची धरपकड झाली त्या तारखेला, शाळांना सुट्टी असते.

आमच्या शेजारच्या आजींनी मला एकदा घरातला पत्र्याचा डबा उघडून दाखवला होता. आत ऑटोमन काळातला जमिनीचा तापू होता. आपल्या भाषेत सांगायचे तर त्यांचा सातबारा. घड्यांवर कागद फाटला होता आणि मागून पातळ कापडाची पट्टी चिकटवली होती. मजकूर अरबी लिपीतल्या तुर्कीत. तो वाचता येणारे त्या घरात कोणीच उरले नव्हते; जमिनीच्या चतुःसीमा मात्र आजींना तोंडपाठ होत्या : पूर्वेला ओढा, उत्तरेला काकांचे तुतीचे झाड. त्यांच्या नातवाने हा कागद वकिलाला नेऊन दाखवला, तेव्हा तो वकील अर्धा तास काही न बोलता कागदाच्या मागची-पुढची बाजू पाहत राहिला, असे त्यांनी सांगितले. आपल्या घरच्या आठवणींना पहिल्यांदाच कोणी पुरावा म्हणाले, याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. तात्या, निकाल नसेल मिळाला. पण हे समाधान मला मोलाचे वाटते.

मुशाफिर

मी थोडा विरोधी सूर लावतो. माझ्या मते परदेशातल्या वकिलाला धोका पत्करावा लागत नाही, आणि त्याच्या भूमिकेची किंमत दुसरेच कोणीतरी मोजते.

दोन उदाहरणे देतो. ऑक्टोबर २००९ मध्ये आर्मेनिया आणि तुर्की यांनी झुरिकमध्ये करारनाम्यांवर सह्या केल्या. १९९३ पासून बंद असलेली सीमा उघडायची आणि राजनैतिक संबंध सुरू करायचे, असे ठरले होते. अझरबैजान आणि तुर्की या दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या छोट्या देशासाठी उघडी सीमा म्हणजे व्यापार, रोजगार आणि स्वस्त माल. परदेशस्थ आर्मेनियनांनी मात्र कडाडून विरोध केला, कारण इतिहास तपासण्यासाठी संयुक्त आयोग नेमायचे त्यात म्हटले होते. राष्ट्राध्यक्ष सार्गस्यान परदेशस्थांना समजवायला गेले तेव्हा पॅरिसमध्ये त्यांना निदर्शनांना तोंड द्यावे लागले. करार कधीच मंजूर झाले नाहीत. त्याला इतरही कारणे होती, तुर्कीने काराबाखचा (आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातल्या वादग्रस्त प्रदेशाचा) प्रश्न मध्ये आणला होता, हे मला मान्य आहे. पण ग्युम्रीत बंद सीमेजवळ राहणाऱ्या माणसाचे हित कॅलिफोर्नियातल्या वकिलाने ठरवावे का?

दुसरे उदाहरण ह्रांत दिंक यांचे. ते इस्तंबूलमध्ये राहून 'आगोस' हे साप्ताहिक चालवणारे आर्मेनियन संपादक होते. तुर्कीच्या दंडसंहितेतील ३०१व्या कलमाखाली, म्हणजे तुर्क अस्मितेचा अपमान केल्याबद्दल, त्यांना शिक्षा झाली होती, तरी नरसंहार नाकारणे गुन्हा ठरवणाऱ्या फ्रान्समधल्या विधेयकालाही त्यांनी विरोध केला. तुर्क आणि आर्मेनियन यांनी एकमेकांशी बोलावे, परक्या संसदांनी हे ठरवू नये, असे ते मानत. १९ जानेवारी २००७ रोजी त्यांच्या कचेरीबाहेर त्यांचा खून झाला. तिथे राहणाऱ्या माणसाचे धैर्य आणि दूर बसून चालवलेला दावा यांना मी एकाच मापाने मोजू शकत नाही.

सुमेधा_रा

मुशाफिर, दिंक यांच्याबद्दल तुम्ही लिहिलेले अक्षर न् अक्षर मला मान्य आहे. सीमेबद्दलचा आक्षेपही वजनदार आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खारपेर्त, व्हान, मुश, झेयतुन ही ज्या घराण्यांची गावे, ती आजच्या आर्मेनिया प्रजासत्ताकात नाहीत; ती तुर्कीत आहेत. आजचा आर्मेनिया हा रशियन साम्राज्याच्या बाजूचा तुकडा. आजच्या तुर्कीच्या सीमा ठरवणाऱ्या १९२३ च्या लोझान तहात आर्मेनियनांचा उल्लेखसुद्धा नाही, आणि १९१५ सालीच 'सोडून दिलेली मालमत्ता' ताब्यात घेण्याचे कायदे झाले होते. म्हणजे ज्या लोकांच्या वतीने येघियायान उभे राहिले त्यांच्या गावांसाठी बोलणारे कोणतेही सरकार नव्हते. एरेवानच्या सरकारला त्याच्या नागरिकांचे हित पाहावे लागते, ते त्याने पाहावे. खारपेर्तच्या नातवाने मग कोणाकडे जायचे?

फोर्टवाला

या निमित्ताने एक आठवण करून द्यावीशी वाटते. मुंबईत फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियन लोकांचे सेंट पीटर चर्च आहे. ज्या व्यापाऱ्यांनी ते बांधले त्यांचे पूर्वज १९१५ चे निर्वासित नव्हते. भारतातले बहुतेक आर्मेनियन आले ते इराणमधल्या इस्फहानजवळच्या नव्या जुल्फातून, जिथे शाह अब्बासने सतराव्या शतकाच्या आरंभी त्यांना नेऊन वसवले होते. त्यांच्यापैकीच मद्रासचे व्यापारी शाहामिर शाहामिरियान यांनी अठराव्या शतकात, स्वतंत्र आर्मेनिया अस्तित्वात नसताना, भावी आर्मेनियन प्रजासत्ताकाची राज्यघटना लिहून मद्रासमध्ये छापली. ते पेशाने वकील नव्हते, पण दूर देशी बसून पूर्वजांच्या भूमीसाठी कायद्याच्या भाषेत मागणी मांडण्याची परंपरा किती जुनी आहे, ते यावरून कळते.

इतिहासवेडा

फोर्टवाला, ही माहिती इथे आल्याचा फार आनंद झाला.

कायद्याच्या अंगाने आणखी एक धागा जोडतो. १५ मार्च १९२१ रोजी बर्लिनमध्ये सोघोमोन तेहलिरियान या तरुणाने तलात पाशांना भररस्त्यात गोळी घातली. जूनमध्ये जर्मन ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. त्या खटल्याने राफाएल लेम्किन हा पोलंडमधला ज्यू विद्यार्थी अस्वस्थ झाला. एका माणसाला मारले तर खटला चालतो, मग लाखोंना मारणाऱ्यावर खटला चालवायला कायदाच कसा नाही, हा प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर धरून ठेवला. नरसंहारासाठी १९४४ साली स्वतंत्र शब्द घडवणारे आणि ९ डिसेंबर १९४८ चा आंतरराष्ट्रीय करार होईपर्यंत पाठपुरावा करणारे ते हेच.

आपल्याकडचे नाव घ्यायचे तर पंडित श्यामजी कृष्णवर्मा. लंडनमध्ये १९०५ साली 'इंडिया हाउस' सुरू करणारे हे बॅरिस्टर. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीवरून सावरकरांना शिष्यवृत्ती मिळाली ती त्यांचीच. राजकीय लिखाणाबद्दल इनर टेंपल या लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या संस्थेने १९०९ साली त्यांचे नाव कमी केले आणि ते परत नोंदवले थेट २०१५ साली.

वकीलतात्या

इतिहासवेडा, श्यामजींबद्दल आदर आहेच. पण त्यांचा जन्म मांडवीचा आणि लढा चालू राजसत्तेशी होता. सुमेधाताईंचा प्रश्न पुढच्या पिढीचा आहे, ज्या पिढीने ते गाव पाहिलेलेच नाही. मुशाफिर म्हणतात की परदेशातल्या वकिलाला धोका नसतो, तर श्यामजींची सनद गेली एवढे मात्र त्यांना सांगावेसे वाटते.

नलिनी_देव

विम्याच्या दाव्यांपेक्षा मला येघियायान यांनी उभा केलेला दुसरा एक दावा अधिक महत्त्वाचा वाटतो.

तोरोस रोसलिन या चित्रकाराने १२५६ साली सजवलेली बायबलमधल्या शुभवर्तमानांची हस्तलिखित प्रत झेयतुनच्या आर्मेनियनांकडे होती. संकटात गावाभोवती ही प्रत फिरवली की रक्षण होते, अशी त्यांची श्रद्धा होती. नरसंहाराच्या काळात प्रत हातोहात फिरली आणि तिच्यातली आठ पाने वेगळी झाली. मुख्य प्रत आज एरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात आहे. ती आठ पाने १९९४ साली लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने विकत घेतली. २०१० साली तिथल्या आर्मेनियन चर्चने गेटीवर दावा लावला आणि त्यात येघियायान चर्चचे वकील होते. सप्टेंबर २०१५ मध्ये समेट झाला : पानांची ऐतिहासिक मालकी सिलिसियाच्या चर्चची आहे हे गेटीने मान्य केले आणि चर्चने ती पाने संग्रहालयाला दान दिली.

तात्या, हाही निकाल नाही, तडजोडच आहे, हे मला ठाऊक आहे. पण 'ही वस्तू यांची होती' असे एका बलाढ्य संस्थेने लिहून दिले. विम्याच्या पैशाने हे साधत नाही. कोणी म्हणेल की पाने तर जिथल्या तिथे राहिली. माझे म्हणणे असे की घेणारा आणि देणारा कोण हे बदलले, आणि चर्चला जे हवे होते ते मिळाले.

सदानंद_उल्हासनगर

आमच्या उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी घरांत 'क्लेम' हा शब्द अजून ऐकू येतो. कराचीत नाहीतर शिकारपुरात सोडलेल्या घराबद्दल भारत सरकारकडे क्लेम लावायचा आणि काही ना काही मोबदला मिळायचा. त्यांना निदान एक सरकार होते. आर्मेनियनांच्या नातवंडांना विमा कंपनीच्या दारात जावे लागले, हे वाचून फार वाईट वाटले.

किरण_म

एक कटू बाब कोणी लिहिली नाही, ती लिहितो. अ‍ॅक्साच्या तडजोडीतल्या पैशांच्या वाटपावरून पुढे वकिलांमध्येच कज्जे झाले आणि अनेक अर्जदारांचे दावे अपुऱ्या पुराव्याच्या नावाखाली फेटाळले गेले. समाजाच्या नावाने पैसा गोळा होतो तेव्हा त्याचा हिशेब कोण तपासणार, हे पहिल्या दिवशी ठरलेले असले पाहिजे. पूर्वजांचे नाव जोडलेले असते म्हणून लोक प्रश्न विचारायला बिचकतात, आणि तिथेच घात होतो.

ग्लेंडेलकर

किरण यांच्याशी पूर्ण सहमत. इथेही लोक याबद्दल दुःखाने बोलतात. आजींच्या कुटुंबाला जमिनीबद्दल अद्याप काही मिळालेले नाही. अमेरिकेचा तुर्कीतला इंजिर्लिकचा हवाई तळ ज्या जमिनीवर आहे तिच्यासाठी काही वारसदारांनी २०१० साली तुर्की सरकारवर दावा लावला होता. तो २०१३ साली फेटाळला गेला आणि २०१९ साली अपील न्यायालयाने मुदतीच्या मुद्द्यावर तो निकाल कायम केला.

मुशाफिर

चर्चा विम्यावर आणि हस्तलिखितांवर फिरते आहे, पण आज या वकिलीची खरी कसोटी काराबाखमध्ये लागते आहे. डिसेंबर २०२२ पासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता अडवला गेला. तो मोकळा करावा असा आदेश आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२३ रोजी दिला; तरी अडवणूक चालूच राहिली. सप्टेंबरमध्ये अझरबैजानने हल्ला केला आणि थोड्याच दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन घरेदारे सोडून आर्मेनियात आले.

परदेशस्थ वकिलांना माझे एवढेच सांगणे आहे की त्यांनी दुसरी बाजूही वाचावी. १६ जून २०१५ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एकात लाचिनमधून १९९२ साली विस्थापित झालेल्या अझरबैजानी नागरिकांच्या घरांबद्दल आर्मेनियाला जबाबदार धरले. दुसऱ्यात गुलिस्तान गावच्या आर्मेनियन माणसाच्या घराबद्दल अझरबैजानला. १९९०च्या दशकात त्या भागातून लाखो अझरबैजानी लोकांनाही परागंदा व्हावे लागले होते. आपल्या आजीच्या तापूला पुरावा मानणाऱ्याने त्यांच्याही कागदाला पुरावा मानले, तरच त्याच्या वकिलीवर माझा विश्वास बसेल.

सुमेधा_रा

ही अट मला मान्य आहे, आणि माझ्या मूळ प्रश्नातल्या 'कोणाचे वकीलपत्र घेऊन' या भागाचे उत्तरही त्यातून मिळते. राष्ट्राच्या वतीने बोलणारा वकील दुसऱ्या बाजूचे घर पाहू शकत नाही. ठरावीक घरमालकाचे वकीलपत्र घेतलेला वकील जे तत्त्व मांडतो ते सगळ्याच विस्थापितांच्या कामी येते, मग त्याची इच्छा असो वा नसो.

मात्र एका गोष्टीची मला काळजी वाटते. ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ज्या शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली, त्यात एकमेकांविरुद्धचे आंतरराष्ट्रीय दावे मागे घेण्याचे कलम आहे. तात्या, तसे झाले तर काराबाखचे मुख्य शहर असलेल्या स्तेपानाकेर्तमध्ये घर सोडून आलेल्या माणसाचे काय होईल?

वकीलतात्या

ताई, ते कलम सरकारांनी सरकारांविरुद्ध लावलेल्या दाव्यांचे आहे. स्ट्रासबर्गला व्यक्तीने स्वतःच्या नावाने केलेला अर्ज ही वेगळी बाब आहे. दोन सरकारांच्या समेटाने तो आपोआप निकाली निघत नाही. तिथे सरकार मदतीला येणार नाही, उलट आपल्याच सरकारला तो अर्ज अडचणीचा वाटेल, आणि अशा वेळी परदेशस्थ समाजातला वकील उपयोगी पडतो, कारण त्याच्यावर एरेवानचा दबाव चालत नाही आणि अझरबैजानची राजधानी बाकूचाही नाही.

ग्लेंडेलकर, तुमच्या ओळखीत काराबाखहून आलेली कुटुंबे असतील तर त्यांना इतके जरूर सांगा : घराचे खरेदीपत्र, विजेची आणि गॅसची बिले, शाळेचे दाखले, घराचे आतून-बाहेरून काढलेले फोटो, यांच्या प्रती काढून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. शेजाऱ्यांची शपथपत्रे आत्ताच करून घ्यावीत. आज ते शेजारी हयात आहेत. खारपेर्तच्या वारसांना साक्षीला शेजारी उरलेच नव्हते.

ग्लेंडेलकर

तात्या, आजींच्या नात्यातले एक कुटुंब तिथून आलेले आहे. तुमची यादी इंग्रजीत उतरवून आज संध्याकाळीच त्यांना पोचवतो. घराचे खरेदीपत्र त्यांना आणता आले नाही, पण फोनमध्ये त्याचा फोटो आहे, असे त्यांनी मला सांगितले होते. तो ग्राह्य धरला जाईल का?

वकीलतात्या

नुसत्या फोटोवर विसंबू नये, पण तो प्राथमिक पुरावा म्हणून जोडता येईल. फोटो ज्या फोनने काढला तो फोन विकू किंवा टाकून देऊ नये, फाइलवरची मूळ तारीख तशीच राहू द्यावी, आणि सोबत दोन शेजाऱ्यांची शपथपत्रे लावावीत.